बादलीला भरवलेला घास

दारावरचा तो लाल चेहरा सगळ्यांत आधी ठकीने पाहिला. आईच्या कडेवरून उतरायचं, चपला काढायच्या आणि "मावशी, मी आले" म्हणत आत पळायचं, हा तिचा रोजचा शिरस्ता. त्या दिवशी ती उतरलीच नाही. आईच्या गळ्याला घट्ट धरून दाराकडे बघत राहिली. मावशी हातात पळी घेऊन बाहेर आली, तर हिचे डोळे काठोकाठ भरलेले.

"काय झालं गं?"

"तो रागावलाय."

"कोण रागावलाय?"

ठकीने बोट दाखवलं. मावशीने उंबरठ्याबाहेर येऊन मागे वळून पाहिलं. घंटीच्या बटणाखाली बशीएवढा गोल कागद चिकटवलेला. लालभडक. भुवया आवळलेल्या, ओठांची टोकं खाली ओढलेली, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: 'हे घर ओला कचरा वेगळा करत नाही.' शेजारच्या दारावर हिरवा हसरा. समोरच्या दारावर हिरवा हसरा. जिन्यातून खाली जिथवर नजर जात होती तिथवर सगळे हसतच होते.

मावशीची कानशिलं तापली. पण लेकरू समोर होतं, म्हणून ती म्हणाली, "कागद आहे तो. कागदाला कसला राग येतोय." आणि तिने नखाने एक कोपरा खरवडून पाहिला. कागद हलेना. चिकटवणाऱ्यांनी तेवढी काळजी बरी घेतली होती.

मावशी नात्याने त्या इमारतीत कुणाचीच मावशी नव्हती. पण गॅसवाला, टपालवाला, वरच्या मजल्यावरचे आजोबा, सगळे तिला मावशीच म्हणत. शिलाई मशिनी दुरुस्त करणारा तिचा नवरासुद्धा चारचौघांत "मावशी कुठे गेल्या?" असं विचारून जायचा आणि मग स्वतःच हसत सुटायचा. घरात पाळणाघर चालवायचं म्हणजे असं नाव चिकटतंच.

पाळणाघराची सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. तरुणपणी मावशी एका विमा कचेरीत कारकून होती. चांगली पदवी होती, टेबल होतं, टेबलाला किल्लीचा खण होता. मुलगी लहान होती, तिला ती पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईकडे ठेवून जायची. एका संध्याकाळी मुलीला घ्यायला गेली, तर मुलगी टीव्हीसमोर सतरंजीवर झोपलेली, गाल सुकलेले, आणि सकाळी भरून दिलेला डबा तसाच. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. "दुपारी जेवली का ही?" मावशीने विचारलं. "मागितलंच नाही तिने," बाई म्हणाली. मावशीने मुलीला उचललं. घरी आली, तोच डबा गरम करून मुलीला एकेक घास भरवला, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन खणाची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. आता ती मुलगी नोकरीला दूरच्या शहरात आहे, फोनवर आईला "जेवलीस का?" असं तीच विचारते. पण तो न उघडलेला डबा मावशीच्या मनातून गेला नाही. आपल्या घरात आलेलं पोर भुकेलं परत जाणार नाही, या एका हट्टावर तिने पुढचं सगळं आयुष्य उभं केलं.

त्या हट्टातूनच तिची जेवू घालायची रीत आली. मोठी ताटं तिच्याकडे नव्हतीच. प्रत्येकाला एक लहान वाटी, वाटीत दोन चमचे. वाटी रिकामी झाली की पोराने ती पुढे करायची आणि म्हणायचं, "परत." की पुन्हा दोन चमचे. 'परत' म्हणायला मिळावं म्हणून मुलं जेवायची, आणि ज्याला नको त्याच्या वाटीत काही उरायचंही नाही. राहिल्या भाज्यांच्या आणि फळांच्या साली. त्या गॅलरीतल्या रंगाच्या जुन्या डब्यांत जायच्या, वरून मूठभर माती. हे काम मुलांचं. "फोड आपल्याला, साल मातीला," मावशी म्हणायची. "मातीलाही भूक लागते बरं. तिला जेवायला घातलं की ती आपल्याला टोमॅटो देते." डब्यांत टोमॅटो, मिरच्या, पुदिना असं काही ना काही डोकं वर काढून असायचं, आणि मुलं मातीला हात जोडून विचारायची, "पोट भरलं का?"

मग नगरपालिकेची ती योजना आली. इमारतीखाली जिथे गाड्या लावतात तिथे खुर्च्या मांडून सभा झाली. कचेरीतून एक तरतरीत बाई आली होती. तिने मानवी वर्तनाचा अभ्यास केला होता आणि बोलत छान होती. लोकांना उपदेश करून काही होत नाही, ती म्हणाली. दंड केला तर लोक चिडतात. पण शेजारी काय करतो हे डोळ्यांना दिसलं की माणूस न सांगता तसं करायला लागतो. म्हणून प्रत्येक घराला झाकणाची तपकिरी बादली मिळेल, त्यात फक्त उरलेलं अन्न आणि साली टाकायच्या, आणि दर आठवड्याला दारावर चेहरा लागेल. चांगलं करणाऱ्याला हिरवा, न करणाऱ्याला लाल. सगळे हसले, आणि त्या बाईचं नाव त्याच दिवशी 'चेहरेवाली' पडलं. मावशीने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, चला, आपण हे केव्हापासून करतोय, आता बाकीचेही करतील.

आणि आता हा लाल.

दुसऱ्या दिवशी कचरागाडीवाला आला तशी ती रिकामी बादली घेऊन जिन्यातच उभी राहिली.

"दादा, हे काय चिकटवून गेलात?"

"मी कुठे, मावशी. मी बादली काट्याला लावतो, आकडा फोनमध्ये टाकतो. रंग फोन ठरवतो."

"माझ्याकडे टाकायला काही उरत नाही. साली मी कुंडीत घालते."

"मग तेच तर. बादली रिकामी म्हणजे शून्य, आणि शून्याला लाल."

"म्हणजे ज्याच्या घरात जास्त वाया जातं तो शहाणा?"

गाडीवाल्याने खांदे उडवले. "मला विचारलंत, पण मला कोण विचारतंय," असं म्हणून तो पुढच्या दाराशी गेला.

मावशीने कचेरीत फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एका आवाजाने तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, आणि तक्रार नोंदवली असं सांगितलं. कशाखाली नोंदवली, असं मावशीने विचारलं. 'सहभाग नाही' याखाली, असं उत्तर आलं.

फोन ठेवून ती इतक्या जोरात कणीक मळायला लागली की नवरा स्वयंपाकघराच्या दारातूनच परत फिरला.

खरी चीड तर पुढेच होती. तळमजल्यावरचा रसवाला, चौकात फळांच्या रसाचं दुकान असलेला, भला माणूस. त्याच्या दारावरचा चेहरा सगळ्यांत रुंद हसायचा, कारण तो दुकानातला चोथा आणि संत्र्यांची सालं पोत्यात घालून घरी आणायचा आणि बादलीत दाबून भरायचा. एवढ्यावर थांबता तरी. पण शेजारधर्माला जागून तो पिशव्या वाटायलाही लागला. हळूहळू अख्ख्या जिन्याला संत्र्यांचा वास यायला लागला. एकाच दुकानातली सालं मजल्यामजल्यावर जाऊन प्रत्येक दार हसवत होती. चौथ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याला पिशवी मिळाली नाही, तर त्यांनी पावाचा अख्खा पुडा बादलीत टाकलेला मावशीने स्वतः पाहिला. पुड्याचा कागद मात्र इमानेइतबारे वेगळा काढला होता.

"तुम्हालाही देतो की एक पिशवी, मावशी," रसवाला म्हणाला. "लाजता कशाला? सेक्रेटरीपण घेतात."

आणि तेच सेक्रेटरी, दोनच दिवसांनी, जिन्यात तिला अडवून म्हणाले, "मावशी, सगळी इमारत हिरवी झाली. एका दारासाठी अडलंय. तुमच्याकडे लहान मुलं येतात, निदान त्यांच्यासमोर तरी चांगलं उदाहरण नको का?"

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर भाताचं शीत वाया न घालवलेल्या बाईला संत्र्यांच्या उसन्या सालींवर हसणारा माणूस उदाहरण शिकवत होता. तिच्या जिभेवर दहा उत्तरं आली, आणि पाठीमागे दोन मुलं तिचा पदर धरून उभी होती म्हणून ती दहाही तिने गिळली. "बघते," एवढंच म्हणाली. रात्री अंथरुणावर तिला अकरावं सुचलं.

त्याच आठवड्यात ठकीची आई संध्याकाळी न्यायला आली ती बाहेरच घुटमळली. ती बँकेत होती, बोलायची मोजकं.

"मावशी, राग मानू नका. ठकी घरी म्हणते, तिथे रागावलेला राहतो, मला नाही जायचं. रोज सकाळी रडते."

"कागद आहे हो तो. मी समजावते तिला."

"तेवढंच नाही." ती पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "सासूबाई परवा घ्यायला आल्या होत्या ना, त्यांनी वाचलं. म्हणाल्या, घरातला कचरा ज्यांना नीट ठेवता येत नाही, त्यांच्याकडे पोर कशाला? मी तसं म्हणत नाही. पण बाकीच्या आयासुद्धा जिन्यात बोलतात. या महिन्यापुरतं बघू, मग ठरवू."

ठकी पहिल्यांदा आली होती तेव्हा कुणाच्याच हातचं खात नव्हती. ओठ मिटून घ्यायची आणि मान फिरवायची. मावशी तिच्यासमोर जमिनीवर बसायची, रोज, वाटी हातात धरून, काही न बोलता. खिडकीतल्या चिमणीला एक शीत, बाहुलीला एक शीत, असं करत करत एके दिवशी ठकीने स्वतः तोंड उघडलं होतं. ते पोर आता कुठल्या तरी नव्या सतरंजीवर, नव्या माणसांत, मिटल्या ओठांनी बसणार. आणि 'मागितलंच नाही तिने' असं कुणीतरी म्हणणार. मावशीला पुढचं दिसत होतं.

"घे ना बाई त्याची पिशवी," नवरा म्हणाला. "काय जातंय?"

"दुसऱ्याच्या कचऱ्यावर हसू?"

"मग कुंडीतल्या साली घाल."

"त्या मुलांच्या आहेत."

"मग रडत बस त्या लाल्याबरोबर."

ती रडली नाही. तिने त्याहून वाईट केलं. दुसऱ्या दिवशी तिने पातेल्यात नेहमीपेक्षा जास्त तांदूळ टाकले, आणि भात झाल्यावर वरचा वाफाळता थर डावाने काढून तपकिरी बादलीत घातला. भात जड असतो. काट्याला तेच हवं होतं. ती मनातल्या मनात फोनला, सेक्रेटरीला, चेहरेवालीला, सगळ्यांना शिव्या घालत होती. वळून बघते तर ठकी दारात.

"तो भात कुणाचा?"

मावशीला खोटं सुचेना. "बादलीचा," ती म्हणाली.

"तिला भूक लागली?"

"हं."

"जेवली की काय होतं?"

"दारावरचा हसतो." असं म्हणून तिने झाकण लावलं आणि ठकीला उचलून बाहेर नेलं.

हे रोज होत गेलं, आणि नव्या आठवड्याला चेहरा हिरवा झाला. ठकी कडेवरून उडी मारून उतरली. आयांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. सेक्रेटरी म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं." मावशीने हसून मान डोलावली, आणि त्या हसण्याचीच तिला दिवसभर लाज वाटत राहिली.

एक गोष्ट मात्र बरी चालली होती. मुलं भराभर जेवायला लागली होती. ती पाणी आणायला, फोडणी बघायला आत जाऊन येईपर्यंत वाट्या साफ. 'परत, परत' असा घोष. रागाच्या त्या दिवसांत तिला तेवढाच एक आनंद होता.

मग एका संध्याकाळी ठकीची आई पुन्हा दाराशी थांबली. या वेळी ती पट्ट्याशी चाळा करत नव्हती.

"मावशी, एक विचारू? ठकी घरी आली की चपला काढायच्या आधी खायला मागते. काल पोटात दुखतं म्हणाली, आणि खायला दिल्यावर दुखायचं थांबलं. दुपारी जेवते ना ती?"

"जेवते म्हणजे? दोनदा परत मागते."

"मग बरं," आई म्हणाली. पण तिच्या आवाजात 'बरं' नव्हतं.

अगदी हाच प्रश्न मावशीने एकदा पलीकडच्या गल्लीतल्या बाईला विचारला होता. आता प्रश्न तोच होता आणि दारात उत्तर द्यायला ती होती.

दुसऱ्या दिवशी तिने वाट्या वाढल्या, "पाणी आणते" म्हणाली आणि दाराच्या फटीआड उभी राहिली.

मग ठकी उठली. दोन्ही हातांनी वाटी धरून, सांडू न देता, कोपऱ्यातल्या बादलीकडे गेली. मागोमाग बाकीची, एकामागे एक, शहाण्यासारखी रांगेत. एकाने झाकण धरलं. ठकीने टाचा उंचावून वाटी पालथी केली, बोटाने कडेचं शीतही पुसून आत टाकलं, आणि वाकून मावशीच्याच आवाजात म्हणाली, "जेव हं, बादली. पोट भरलं का?" मग सगळी आपापल्या जागी येऊन बसली, रिकाम्या वाट्या पुढे करून, आणि चेहरे असे उजळलेले, की त्यांच्यापुढे दारावरचा हिरवा काहीच नाही.

मावशी खाली बसली. ओरडायचं कुणावर? मुलांनी तिचंच ऐकलं होतं. मातीला भूक लागते हे तिने शिकवलं होतं, बादलीला भूक लागते हेही तिनेच. थोड्या वेळाने ती उठली, बादली उचलून दाराबाहेर ठेवली, पुन्हा भात लावला आणि एकेकाला स्वतःच्या हाताने भरवलं. प्रत्येक घासाबरोबर तिचा राग आणखी वर येत होता. तो काही मुलांवर नव्हता, पण स्वतःवर होता, आणि ज्यांनी मोजायचं काय हे न बघता मोजायला काटा लावला त्यांच्यावर त्याहून जास्त.

नेमकी त्याच संध्याकाळी चेहरेवाली आली. बरोबर कॅमेरा घेतलेला माणूस, आणि वाट दाखवायला सेक्रेटरी. मुलांना न्यायची वेळ होती. ठकीची आई ठकीच्या पायात चप्पल अडकवत होती.

"मावशी, अभिनंदन," चेहरेवाली म्हणाली. "लाल ते थेट हिरवा. असं दार आमच्याकडे दुसरं नाही. तुमचा एक फोटो हवाय, मुलांबरोबर, बादलीशेजारी."

"फोटो काढा," मावशी म्हणाली. "पण आधी झाकण उघडा."

चेहरेवालीने हसत झाकण उघडलं. भाताचे गोळे, भाजी, वरणात भिजलेल्या पोळीचे तुकडे. सालीचा एक कपटा नव्हता.

"हे उरलेलं अन्न नाही. या मुलांचं जेवण आहे हे. दार हसावं म्हणून आधी मी टाकलं, मग मला बघून त्यांनी. इतके दिवस ही पोरं माझ्या घरातून उपाशी गेली."

ठकीच्या आईचा हात चपलेवरच थांबला. मावशीने ते पाहिलं. आता ती मुलीला घेऊन जाणार, कायमची, हे तिला कळून चुकलं, पण तोंडातून निघालेलं आता आत जाणार नव्हतं, आणि तिला ते परत घ्यायचंही नव्हतं.

"मावशी, हळू," सेक्रेटरी म्हणाले. "पाहुण्यांसमोर काय हे?"

"तुम्ही तर बोलूच नका. तुमच्या दाराचा वास अख्ख्या जिन्याला येतो, संत्र्यांचा."

सेक्रेटरींनी घसा खाकरला आणि ते भिंतीवरच्या मीटरकडे बघायला लागले.

चेहरेवालीने झाकण हातात धरून ठेवलं होतं. "वजन वाढलं म्हणजे वेगळं करणं वाढलं, असं आम्ही धरलं होतं," ती हळूच म्हणाली. "या भागाचा आकडा सगळ्यांत चांगला आहे."

"असणारच. आमच्याकडे आता सगळ्यांत जास्त वाया जातं."

"मी वर कळवते. पण नियम बदलेपर्यंत बादली रिकामी आली तर..."

"लाल लावा. मला चालेल." मावशी आतून उलथनं घेऊन आली आणि हिरव्या चेहऱ्याखाली घालून तो खरवडायला लागली. तुकड्या-तुकड्याने निघाला. हसू सगळ्यांत शेवटी. "शेजाऱ्याकडे बघून माणूस शिकतो म्हणालात ना, ताई? अगदी खरं बोललात. लहान माणूस तर फारच लवकर शिकतो."

फोटो निघाला नाही. ठकीच्या आईने मुलीला कडेवर घेतलं आणि ती जिना उतरून गेली. ठकीने खांद्यावरून हात हलवला. मावशीने उलथनं धरलेलाच हात वर केला.

दुसऱ्या दिवशी दारावर पुन्हा लाल होता. आठवडा संपायची वाट न बघता पहाटेच येऊन लावून गेले होते. या बाबतीत कचेरी कधी उशीर करत नसे. जिन्यात संत्र्यांचा वास होताच. मावशीने तांदूळ नेहमीच्या मापाने घेतले, मग थांबून त्यातले थोडे परत डब्यात टाकले. किती मुलं येतील कुणास ठाऊक. मग पुन्हा काढून पातेल्यात घातले.

घंटी वाजली. दारात ठकी, आणि तिचा हात धरून आई. अंगावर बँकेचे कपडे नव्हते.

"आज सुट्टी घेतली," आई म्हणाली. "ती जेवेपर्यंत आत बसलं तर चालेल?" तिच्या चेहऱ्यावर माफी नव्हती आणि मावशीने ती शोधलीही नाही.

"बसा. ताट मिळणार नाही, वाटीच मिळेल."

ठकी दारासमोर उभी होती. "परत रागावला," ती म्हणाली.

मावशी गुडघे टेकून तिच्यासमोर बसली. "तो कागद आहे. खरा राग बघायचाय? माझ्याकडे बघ."

ठकीने तिच्या कपाळावरच्या आठ्यांवरून बोट फिरवलं. "कुणावर?"

"तुझ्यावर नाही."

"मग कुणावर?"

"आधी जेव, मग सांगते. मोठी यादी आहे."

दुपारी वाट्या वाढल्या. ठकीची आई भिंतीला टेकून बसली होती, तिच्याही हातात वाटी. ठकीने कोपऱ्याकडे पाहिलं. बादली तिथे नव्हती. ती उठली, अर्ध्या वाटेत जाऊन उभी राहिली, वाटी दोन्ही हातांत. आई उठायला लागली, मावशीने हातानेच तिला थांबवलं. ठकी बराच वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग परत येऊन बसली.

थोड्या वेळाने तिने वाटी पुढे केली. "परत."

मावशीने आधी वाटी पाहिली. मग तिला "आ कर" म्हणून तोंड उघडायला लावलं आणि तेही पाहिलं. दोन्ही गालांत भात होता.

तिने दोन चमचे वाढले.